उष्णतासह अगंज पोलादाच्या वितळजोडकामातील तडे व त्यांचे निवारण

दीर्घकाळ उच्च तापमानात राहूनही ज्याचे बल टिकते व ज्याच्या पृष्ठभागाचे ऑक्सिडीभवन अल्प प्रमाणात होते, अशा क्रोमियमयुक्त पोलादाला उष्णतासह अगंज पोलाद म्हणतात. बाष्पित्रांतील वाफ अतितप्त करणाऱ्या नळ्या, वाफेचे मुख्य नळ, खत व खनिज तेल उद्योगांतील भट्ट्या, वाफ व वायू टरबाइनांचे भाग आणि अणुभट्ट्यांची पात्रे यांसाठी ते वापरतात. हे भाग एकमेकांस जोडण्याचा प्रमुख मार्ग वितळजोडकाम म्हणजेच वेल्डिंग हा आहे. परंतु जोड थंड होत असताना, त्यानंतरच्या उष्णता संस्करणात किंवा पुढे प्रत्यक्ष वापरात जोडाला वा त्याच्या लगतच्या धातूला तडे जाण्याची प्रवृत्ती या पोलादांत आढळते. उच्च दाबाची वाफ वाहून नेणाऱ्या नळातील केसाएवढा तडा कालांतराने वाढून नळ फुटण्यास कारणीभूत होऊ शकतो. त्यामुळे तड्यांचे निवारण हा या पोलादाच्या इतिहासातील एक मध्यवर्ती प्रश्न ठरला. या इतिहासाचे वैशिष्ट्य असे की, एका प्रकारच्या तड्यांवर किंवा गंजण्यावर सापडलेला उपाय पुष्कळदा दुसऱ्या प्रकारच्या बिघाडाचे कारण ठरला.

पार्श्वभूमी : जर्मनीतील एसेन येथील क्रुप कारखान्यात बेनो श्ट्राउस व एडुआर्ट माउरर यांच्या संशोधनातून क्रोमियम-निकेलयुक्त पोलाद तयार झाले आणि १९१२ मध्ये त्यासंबंधीचे एकस्व अर्ज करण्यात आले. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये सु. १३% क्रोमियमाचे अगंज पोलाद ओतले. विल्यम हर्बर्ट हॅटफील्ड यांनी शेफील्ड येथेच १९२४ मध्ये १८% क्रोमियम व ८% निकेल असलेले पोलाद पुढे आणले. ‘१८/८’ या नावाने ओळखले जाणारे हे पोलाद पुढील बहुतेक उष्णतासह पोलादांचा पाया ठरले. निकेलामुळे त्याची संरचना सामान्य तापमानासही ऑस्टेनाइटाची राहते. ऑस्टेनाइट ही लोखंडाची चुंबकत्व नसलेली, तन्य व उच्च तापमानात बल टिकवून धरणारी प्रावस्था आहे. क्रोमियम व निकेल यांचे प्रमाण अनुक्रमे २५% व २०% केल्यास पोलाद हवेत सु. १,१००° से.पर्यंत ऑक्सिडीभवनास तोंड देऊ शकते.

वितळजोडकामाच्या दृष्टीने मात्र ऑस्टेनाइटी पोलादाचे दोन भौतिक गुणधर्म प्रतिकूल आहेत. सामान्य तापमानास त्याची उष्णता संवाहकता साध्या पोलादाच्या सु. एक तृतीयांश असते, तर त्याचा प्रसरण गुणांक सु. दीडपट असतो. परिणामी जोडाजवळ उष्णता साचून राहते आणि थंड होताना जोड अधिक आकसतो. सभोवतालचा थंड व ताठर धातू या आकुंचनाला विरोध करतो आणि नुकत्याच घट्ट होऊ लागलेल्या जोडावर ताण येतो.

पहिली अडचण : स्वीडनमधील ऑस्कर चेलबेरी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लेपयुक्त विद्युत् अग्र प्रचारात आणले. या पद्धतीचा पुढे अगंज पोलादासाठीही उपयोग होऊ लागला. प्रारंभी जी तक्रार सर्वांत अधिक ऐकू आली, ती तड्यांची नसून गंजण्याची होती. जोडापासून थोड्या अंतरावरचा पट्टा आम्लात झपाट्याने खाल्ला जाई. जोडकामाच्या उष्णतेने सु. ४५०° ते ८५०° से.पर्यंत तापलेल्या या पट्ट्यात कार्बनाचा क्रोमियमाशी संयोग होऊन कणसीमांवर क्रोमियम कार्बाइड साचते आणि लगतच्या भागात क्रोमियमाचा तुटवडा पडतो, हे स्पष्टीकरण १९३० नंतरच्या काही वर्षांत सर्वमान्य झाले. त्यावर दोन उपाय निघाले. पहिला म्हणजे पोलादातील कार्बनाचे प्रमाण घटविणे आणि दुसरा म्हणजे कार्बनाला क्रोमियमापेक्षा अधिक आसक्तीने बांधून ठेवणारे टिटॅनियम किंवा निओबियम मिसळणे. अमेरिकन क्रमांकनानुसार टिटॅनियमयुक्त पोलादास ३२१ व निओबियमयुक्त पोलादास ३४७ असे क्रमांक मिळाले.

उष्णतासह पोलादाच्या बाबतीत यांपैकी पहिला उपाय पूर्णपणे उपयोगी पडला नाही. उच्च तापमानात सतत ताणाखाली असलेले पोलाद वर्षानुवर्षे अतिशय सावकाश ताणले जाते. या प्रक्रियेला विरोध करण्यासाठी थोडा कार्बन आवश्यक असतो. म्हणूनच उच्च तापमानासाठीच्या प्रकारांत कार्बनाचे प्रमाण सामान्यतः ०·०४ ते ०·१०% राखावे लागते. दुसरा उपाय, म्हणजे निओबियम मिसळण्याचा, उच्च तापमानातील बलासही पोषक असल्याने ३४७ पोलाद वाफेच्या नळांसाठी आदर्श मानले गेले. या निवडीचे परिणाम पुढे दिसून आले.

उष्ण तडे व फेराइटाचा उपाय : जोड पूर्णपणे घट्ट होण्यापूर्वीच पडणाऱ्या तड्यांना उष्ण तडे म्हणतात. वितळलेले पोलाद घट्ट होताना त्यातील गंधक, फॉस्फरस, सिलिकॉन, निओबियम यांसारखी मूलद्रव्ये शेवटच्या द्रवात एकवटतात. हा द्रव पोलादापेक्षा पुष्कळ कमी तापमानास घट्ट होतो. त्यामुळे बाकीचा धातू घट्ट झाल्यावरही कणांच्या मध्ये त्याचा पातळ पापुद्रा टिकून राहतो आणि आकुंचनाचा ताण येताच कण परस्परांपासून सुटतात. जोडाच्या मध्यरेषेवर आणि विद्युत् प्रज्योत थांबविल्यावर राहणाऱ्या खळग्यात असे तडे विशेषेकरून दिसतात.

संपूर्ण ऑस्टेनाइटी जोडात हे तडे पुष्कळ आढळतात. परंतु जोडात थोडे फेराइट राहिले, तर ते बहुधा टळतात, हे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अनुभवाने कळून चुकले होते. युद्धकाळात रणगाड्यांचे चिलखती पोलाद जोडण्यासाठी ऑस्टेनाइटी विद्युत् अग्रे मोठ्या प्रमाणावर लागली. क्रोमियम व निकेल यांच्या टंचाईमुळे २५/२० विद्युत् अग्राऐवजी मँगॅनीज किंवा मॉलिब्डेनमयुक्त काटकसरीचे प्रकार वापरावे लागले. कोणत्या रासायनिक घटनेतून कोणती संरचना निर्माण होईल, हे आधी सांगता येणे आता निकडीचे झाले.

ही गरज अमेरिकेतील ॲन्टन शेफलर यांनी तयार केलेल्या आकृतीने भागविली. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेले तिचे रूप जगभर प्रचारात आले. फेराइटास अनुकूल मूलद्रव्यांची बेरीज करून त्यांनी ‘क्रोमियम तुल्यांक’ ठरविला. त्यात क्रोमियम व मॉलिब्डेनम यांचे पूर्ण प्रमाण, सिलिकॉनाचे दीडपट व निओबियमाचे निमपट प्रमाण धरले. त्याचप्रमाणे ‘निकेल तुल्यांका’त निकेलाच्या प्रमाणात कार्बनाचे तीसपट व मँगॅनिजाचे निमपट प्रमाण मिळविले. हे दोन आकडे आकृतीच्या दोन अक्षांवर मांडताच जोडात ऑस्टेनाइट, फेराइट व मार्टेन्साइट यांपैकी काय व किती राहील, ते वाचता येऊ लागले. कारखान्यातील कारागिराला धातुविज्ञानाचा खोल अभ्यास नसतानाही योग्य भरण धातू निवडता आला, हे या आकृतीचे मोठे यश होय. डब्ल्यू. टी. डीलाँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये नायट्रोजनाचाही प्रभाव लक्षात घेऊन तीत सुधारणा केली. पुढे १९९२ मध्ये कोटेकी व सीवर्ट यांनी तांब्याचा समावेश करून आणखी अचूक आकृती दिली. १८/८ गटातील जोडांत सु. ३ ते ८% फेराइट असावे, असा सर्वसाधारण संकेत रूढ झाला. फेराइट चुंबकीय असल्यामुळे त्याचे प्रमाण जोड न तोडता मोजता येते.

उपायाची मर्यादा : सामान्य तापमानात वापरायच्या टाक्यांसाठी प्रश्न येथे जवळजवळ संपला. उष्णतासह कामात मात्र फेराइटच अडचणीचे ठरले. सु. ६००° ते ९००° से. या पल्ल्यात दीर्घकाळ राहिल्यास फेराइटाचे सिग्मा नावाच्या कठीण व ठिसूळ प्रावस्थेत रूपांतर होते. त्यामुळे जोडाची आघात सहन करण्याची शक्ती घटते. म्हणजे जोड करताना ज्या फेराइटाने तडा टाळला, तेच फेराइट वापरकाळात जोड ठिसूळ करते. म्हणून अशा जोडांत फेराइटाला वरची मर्यादाही घालावी लागते. १९५० नंतरच्या दशकात वाफेच्या नळांसाठी प्रचारात आलेला १६% क्रोमियम, ८% निकेल व २% मॉलिब्डेनम असलेला भरण धातू याच विचारातून निघाला. त्यात फेराइट अल्प असते. तरीही उच्च तापमानात तो पुरेसा तन्य राहतो.

२५/२० पोलादात निकेल इतके असते की, फेराइट जवळजवळ राहतच नाही. तेथे गंधक व फॉस्फरस अत्यल्प ठेवणे, मँगॅनीज वाढविणे, सिलिकॉन आवरते घेणे आणि जोडात कमीत कमी उष्णता घालणे एवढेच मार्ग उरतात. अमोनिया निर्मितीसाठी नैसर्गिक वायूवर वाफेची विक्रिया घडविणाऱ्या भट्ट्यांत याच गटातील, सु. ०·४% कार्बनाच्या ओतीव नळ्या दीर्घकाळ वापरल्या गेल्या. अशा वापरलेल्या नळ्यांची दुरुस्ती विशेष कठीण असते. कारण उष्णतेत राहून त्या ठिसूळ झालेल्या असतात. जोडापूर्वी त्यांना उच्च तापमानास तापवून त्यांची तन्यता पुन्हा मिळवावी लागते.

वाफेचे तापमान व पुनर्तापन तडे : वाफेचे तापमान जितके अधिक, तितके त्याच इंधनात विजेचे उत्पादन अधिक. या तत्त्वानुसार १९५० नंतरच्या दशकात वीज केंद्रांच्या रचनाकारांनी मोठी झेप घेतली. अमेरिकेतील ओहायओ राज्यात फायलो येथे १९५७ मध्ये सुरू झालेल्या संचात वाफेचे तापमान ६२१° से. व दाब वातावरणीय दाबाच्या सु. ३०० पट होता. पेनसिल्व्हेनियातील एडीस्टोन येथील पहिल्या संचाची रचना ६४९° से. व सु. ३४० पट दाब यांसाठी केलेली होती; पुढे मात्र तो सु. ६१०° से. तापमानास चालविण्यात आला. अशा स्थितीत कमी मिश्रणाचे पोलाद टिकत नसल्याने जाड भिंतींचे ऑस्टेनाइटी नळ आवश्यक झाले.

याच दशकात ब्रिटन व अमेरिका येथे ३४७ पोलादाच्या जाड नळांत नवीनच प्रकारचे तडे दिसू लागले. जोड पूर्ण झाल्यावर तपासणीत निर्दोष ठरे. परंतु ताण कमी करण्यासाठी तो पुन्हा तापविला असता किंवा वाफ सुरू झाल्यावर काही काळाने जोडालगतच्या मूळ धातूत कणसीमांवरून तडा जाई. ब्रिटिश वेल्डिंग रिसर्च असोसिएशनमध्ये आर. एन. यंगर, आर. जी. बेकर व जे. सी. बोर्लंड यांनी १९६० च्या सुमारास केलेल्या अभ्यासाने या तड्यांवर व एकंदर ऑस्टेनाइटी जोडांच्या तड्यांवर प्रकाश पडला. जोडकामाच्या वेळी वितळरेषेलगतच्या धातूतील निओबियम कार्बाइड विरघळते. पुन्हा तापविताना ते कणांच्या अंतर्भागात अतिसूक्ष्म रूपाने अवक्षेपित होते आणि कण आतून कठीण होतात. साचलेला ताण सैल होताना धातूला थोडे तरी ताणले जावेच लागते. कणांचे अंतर्भाग दाद देत नसल्याने हे सर्व ताणले जाणे दुर्बल कणसीमांवर येऊन पडते व त्या फाटतात. गंजणे टाळण्यासाठी निवडलेले निओबियमच अशा रीतीने तड्याचे मूळ ठरले.

यावर जाड भागांसाठी निओबियमयुक्त ३४७ ऐवजी मॉलिब्डेनमयुक्त ३१६ पोलाद वापरणे, जोडाच्या कडांवरील खाचा घासून नाहीशा करणे, आवश्यक नसेल तेथे ताणनिवारण तापन टाळणे आणि ते करावयाचे असल्यास धोक्याच्या पल्ल्यातून तापमान शक्य तितक्या लवकर पार नेणे, असे उपाय योजण्यात आले. तथापि ३१६ पोलादही संपूर्णपणे सुरक्षित ठरले नाही. ब्रिटनमधील प्रगत वायुशीतित अणुभट्ट्यांच्या बाष्पित्रांत अधिक कार्बनाच्या ३१६ पोलादाच्या जाड जोडांजवळ हजारो तासांच्या वापरानंतर याच जातीचे तडे आढळले. फ्रान्समधील फेनिक्स या १९७३ ते २००९ या काळात चाललेल्या द्रुतप्रजनक अणुभट्टीत टिटॅनियमयुक्त ३२१ पोलादाच्या सोडियमवाहक भागांतही तसाच अनुभव आला. जोडातील शिल्लक ताण किती आहे, याची मोजणी व गणन यांकडे त्यामुळे अधिक लक्ष देण्यात येऊ लागले.

घनीभवनाचा क्रम : फेराइट तडे का टाळते, हा प्रश्न मात्र बराच काळ अनुत्तरित राहिला होता. सोव्हिएट रशियातील एन. एन. प्रोखोरोव्ह यांनी ज्या तापमान पल्ल्यात घट्ट होणारा धातू ठिसूळ असतो, त्या पल्ल्याची संकल्पना मांडली. अमेरिकेतील रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये सॅव्हेज व लुंडिन यांनी १९६५ मध्ये व्हेरेस्ट्रेंट चाचणी विकसित केली. तीत जोडकाम चालू असतानाच पट्टी ठराविक वक्रतेच्या ठोकळ्यावर वाकवितात आणि पडलेल्या तड्यांची लांबी मोजतात. त्यामुळे निरनिराळ्या पोलादांची तुलना आकड्यांनी करता येऊ लागली.

जपानमध्ये मासुमोतो व त्यांचे सहकारी यांनी १९७२ मध्ये आणि फिनलंडमध्ये सूताला, कुयानपा, ताकालो व मोइसिओ यांनी १९७९ च्या सुमारास केलेल्या संशोधनातून असे दिसून आले की, थंड जोडात किती फेराइट उरले यापेक्षा घनीभवनाचा आरंभ कोणत्या प्रावस्थेने झाला, हे अधिक महत्त्वाचे असते. प्रथम फेराइट घट्ट झाल्यास ते गंधक व फॉस्फरस अधिक प्रमाणात सामावून घेते. शिवाय फेराइट व ऑस्टेनाइट यांमधील वेड्यावाकड्या सीमेवर द्रवाचा पापुद्रा सहज पसरत नाही. पुढे थंड होताना बहुतेक फेराइटाचे ऑस्टेनाइट होऊन जाते व त्याचा थोडासा अवशेष तेवढा राहतो. क्रोमियम व निकेल तुल्यांकांचे गुणोत्तर सु. १·५ पेक्षा अधिक असल्यास घनीभवन फेराइटाने सुरू होते. या ज्ञानामुळे उष्णतासह जोडांसाठी एक मधला मार्ग उपलब्ध झाला. घनीभवन फेराइटाने सुरू व्हावे, पण अखेरीस फेराइट अल्प उरावे, अशी घटना निवडता येऊ लागली. संपूर्ण ऑस्टेनाइटी जोडात मात्र गंधक व फॉस्फरस यांचे एकत्रित प्रमाण ०·०१% च्या आसपास आणावे लागते.

इतकी शुद्धता पोलाद निर्मितीतील सुधारणेमुळे आवाक्यात आली. आर्गॉन व ऑक्सिजन यांच्या मिश्रणाने कार्बन काढून टाकण्याची क्रिव्हस्की यांच्या प्रयोगांतून निघालेली पद्धती अमेरिकेत १९६८ मध्ये औद्योगिक प्रमाणावर सुरू झाली. तिने गंधकही पुष्कळ कमी करता येतो. परंतु गंधक फार कमी झाला की, टंगस्टन विद्युत् अग्र व निष्क्रिय वायू वापरून केलेला जोड उथळ राहतो व मुळाशी पुरेसा वितळत नाही, असेही आढळले. गंधकाच्या प्रमाणानुसार द्रवाचे पृष्ठताण बदलून त्यातील प्रवाहाची दिशा बदलते, हे त्याचे कारण हाइपल व रोपर यांनी १९८२ मध्ये स्पष्ट केले.

मार्टेन्साइटी पोलादे : सु. १२% क्रोमियमाच्या मार्टेन्साइटी उष्णतासह पोलादांचा प्रश्न याच्या उलट आहे. जर्मनीत १९५० नंतरच्या दशकात अशा पोलादाचा वाफेच्या नळांसाठी वापर सुरू झाला. थंड होताना त्यात कठीण मार्टेन्साइट तयार होते आणि ओलसर लेपातून शिरलेल्या हायड्रोजनामुळे सामान्य तापमानास, कधीकधी कित्येक तासांनीही, थंड तडे जातात. म्हणून असे भाग जोडकामापूर्वी निदान २००° से.पर्यंत तापवितात, विद्युत् अग्रे भट्टीत वाळवून घेतात, जोड झाल्यावर रूपांतर पुरे होईल इतपत सावकाश थंड होऊ देतात आणि लागलीच सु. ७५०° से.ला तापवून त्याचा ठिसूळपणा घालवितात. ऑस्टेनाइटी पोलादाला पूर्वतापन अपायकारक, तर याला अत्यावश्यक असते. दोन्ही ‘अगंज’ या एकाच नावाने ओळखली जात असल्याने पोलादाची जात न तपासता काम केल्यास तडे जाण्याचा संभव राहतो.

भारतातील कार्य : तिरुचिरापल्ली येथे भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या सार्वजनिक उद्योगाने १९७५ मध्ये वितळजोडकाम संशोधन संस्था स्थापन केली. तमिळनाडूतील कल्पाक्कम येथील इंदिरा गांधी अणु संशोधन केंद्राच्या प्रायोगिक द्रुतप्रजनक अणुभट्टीत १९८५ मध्ये साखळी विक्रिया प्रथम सुरू झाली. या भट्टीतील उष्णता वितळलेल्या सोडियमाने वाहून नेली जाते. सोडियम हवेत पेट घेतो आणि पाण्याशी त्याची तीव्र विक्रिया होते. त्यामुळे जोडातील बारीक गळतीही तेथे गंभीर ठरते. या केंद्रात नायट्रोजनयुक्त ३१६ पोलाद आणि १५% क्रोमियम, १५% निकेल व टिटॅनियम असलेले इंधन आवरणाचे पोलाद यांच्या उष्ण तड्यांचा व्हेरेस्ट्रेंट चाचणीने तपशीलवार अभ्यास झाला. टिटॅनियम कार्बन व नायट्रोजन यांच्याशी संयोग पावून कमी तापमानास वितळणारी मिश्रणे निर्माण करीत असल्याने त्याचे प्रमाण काटेकोर ठेवावे लागते, असे त्यातून दिसून आले.

प्रत्यक्ष कामातील दक्षता : या अनुभवांतून कार्यशाळेतील काही नियम स्थिर झाले आहेत. जोडावयाच्या कडा तेल, रंग व खडूच्या खुणा यांपासून स्वच्छ ठेवतात. कारण त्यांतून गंधक जोडात येऊ शकतो. जस्त व तांबे यांचा स्पर्श टाळतात. कारण हे धातू वितळून पोलादाच्या कणसीमांत शिरतात. घासण्यासाठी अगंज पोलादाच्या तारेचा स्वतंत्र ब्रश ठेवतात. ऑस्टेनाइटी पोलादात आखूड प्रज्योत व कमी विद्युत् प्रवाह वापरून अरुंद थर घालतात आणि आधीचा थर सु. १५०° से.च्या खाली आल्याखेरीज पुढचा घालीत नाहीत. थराचा पृष्ठभाग खोलगट न ठेवता किंचित फुगीर ठेवतात आणि प्रज्योत थांबविण्यापूर्वी खळगा भरून काढतात. नळाच्या आतील बाजूस आर्गॉन वायू भरतात. जोडांचा क्रम असा आखतात की, शेवटच्या जोडालाही आकसण्यास वाव मिळावा.

उष्णतासह अगंज पोलादाच्या तड्यांवर एकच एक रामबाण उपाय सापडलेला नाही. कार्बन, निओबियम, फेराइट व गंधक यांपैकी प्रत्येक घटक विशिष्ट मर्यादेत उपकारक व तिच्याबाहेर अपायकारक असतो आणि ही मर्यादा तो भाग किती तापमानात, किती ताणाखाली व किती वर्षे राहणार यावर अवलंबून असते. म्हणून जोड करतानाचे वर्तन व वापरातील वर्तन या दोहोंचा एकत्र विचार करणे, हेच तडे टाळण्याच्या आधुनिक पद्धतीचे मुख्य सूत्र होय.